पेटीतल्या अळ्या सडू लागल्या तेव्हा

सांगोला तालुक्यातील डाळिंबाच्या बागांना परागीभवनासाठी मी मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने देते. गेल्या हस्त बहारात एका बागेतील पेटी कमजोर दिसू लागली. दारातली ये-जा मंदावली होती आणि झाकण काढताच आंबूस वास आला. "ताई, आमच्या फवारणीनं तर झालं नसेल ना?" बागायतदार काकांनी धास्तावून विचारले. शंका रास्त होती. पण विषबाधा झाली की पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो, तसे इथे काही नव्हते. मोठ्या माश्या धडधाकट होत्या, मरत होत्या त्या अळ्या.

पिल्लांची चौकट उन्हाकडे तिरपी धरून पाहिली. निरोगी अळी घराच्या तळाशी अर्धवर्तुळात वळून पडलेली, मोत्यासारखी पांढरी आणि तुकतुकीत असते. इथे मात्र काही अळ्या घराच्या भिंतीला पिळवटून चिकटलेल्या, तर काही लांबट ताणलेल्या होत्या. रंग पिवळसर, कुठे तपकिरी, आणि सुकत चाललेल्या कातडीतून श्वासनलिकांच्या पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मेणाने बंद केलेली घरे, रिकामी घरे आणि उघड्या अळ्या यांची चौकटीभर सरमिसळ झाली होती.

अळ्यांना होणाऱ्या जिवाणूजन्य रोगांपैकी दोन महत्त्वाचे आहेत आणि त्यांतला कोणता आहे यावर पुढचे सगळे ठरते. अमेरिकन फाउलब्रूडमध्ये अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीच्या पोटात अन्नाबरोबर पीनिबॅसिलस लार्व्ही या जिवाणूचे बीजाणू (टणक कवचातली त्याची सुप्त रूपे) जातात, तिथे रुजतात, आतड्याचे अस्तर भेदून सर्व शरीरात पसरतात, आणि अळी बहुधा घर बंद झाल्यावर मरते. तिचा चिकट लगदा होतो आणि पुढे तो वाळून घराला घट्ट चिकटतो. त्या खपलीतले बीजाणू काही दशके तग धरतात, म्हणून अशा पेटीची पोळी जाळण्यावाचून गत्यंतर नसते. युरोपियन फाउलब्रूडचा जिवाणू, मेलिसोकोकस प्लुटोनियस, बीजाणू तयार करत नाही. तो आतड्यातच वाढतो आणि अळीच्या वाट्याचे अन्न खातो. भुकेली अळी घरात वळवळत राहते आणि बहुधा चार-पाच दिवसांची असताना, घर बंद होण्याआधीच, मरते. पिळवटलेल्या अळ्यांचे कारण हेच. आंबूस वास मात्र बराचसा मेलेल्या अळीवर नंतर वाढणाऱ्या इतर जिवाणूंचा असतो.

काडेपेटीतील काडी मेलेल्या अळीत फिरवून हळूच वर ओढली. अमेरिकन प्रकारात इंचभर किंवा त्याहून लांब तार निघते; इथे पाणचट लगदा लगेच तुटला. तरी एवढ्यावर निर्णय घेणे मला पटले नाही. रोगट अळ्या असलेला, मध नसलेला पोळ्याचा तुकडा कापून कागदात गुंडाळला (प्लॅस्टिकमध्ये तो बुरसतो) आणि तपासणीसाठी पुण्याला पाठवला. अहवालाने युरोपियन फाउलब्रूडवरच शिक्कामोर्तब केले.

अहवाल येईपर्यंत ती पेटी इतरांपासून दूर नेली आणि तिचे दार अरुंद केले, कारण कमजोर पेटीतला मध लुटायला आलेल्या माश्या रोगही घेऊन जातात. ओळखीच्या एका मधपाळाने साखरेच्या पाकातून प्रतिजैविक देण्याचा सल्ला दिला. तो सर्रास दिला जातो, पण मला मान्य नाही: औषधाचा अंश मधात उतरतो आणि दूषित पोळी पेटीत तशीच राहतात. शिवाय मेलेल्या अळ्या काढून घरे साफ करणाऱ्या माश्यांच्या तोंडावाटेच जिवाणू पुढच्या अळीच्या अन्नात जातो, म्हणजे घाण पेटीत असेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

म्हणून संध्याकाळी सगळ्या माश्या नव्या मेणपत्र्यांच्या चौकटी असलेल्या स्वच्छ पेटीत झाडल्या आणि जुनी पोळी खड्ड्यात जाळली. रिकामी पेटी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून आतून ज्योतीने शेकली. राणी जुनी झाली होती. तिच्या जागी निरोगी वसाहतीतली तरुण राणी दिली. पाक सतत ठेवला, कारण मेणपत्र्यावर घरे बांधायला माश्यांना भरपूर खाद्य लागते. अळ्यांच्या मानाने त्यांना भरवणाऱ्या दाई माश्या कमी पडल्या किंवा पराग आटला की हा रोग बळावतो, त्यामुळे पेटी करडई फुललेल्या शेताकडे हलवली.

नव्या राणीच्या पहिल्या अळ्यांची घरे सलग बंद झालेली पाहिली, तरी पेटी लगेच बागेत नेली नाही. दुसरी पिढीही स्वच्छ निघाल्यावरच काकांना होकार कळवला. त्या पेटीच्या चौकटी इतर पेट्यांत अजून घालत नाही, आणि तिच्यासाठी चौकटी उचकटायची लोखंडी पट्टी व हातमोजे वेगळे ठेवले आहेत.