अक्कांचे टोमॅटो

सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी ओसरली की आमच्या बागफेऱ्या सुरू होतात. मी रोपवाटिकेत काम करते. आमच्याकडून नेलेली रोपं पुढं कशी वाढली ते बघायला रविवारी एखादा भाग पायी हिंडायचा आणि हौशी माणसांना सोबत घ्यायचं, अशी ही रीत. त्या रविवारी पूर्व भाग ठरला होता. अठरा-वीस जण होतो.

पहिली बाग एका चादर कारखान्याच्या गच्चीवर होती. कुंड्यांत उसाचं पाचट अंथरलेलं, त्यामुळं दोन दिवस पाणी नाही मिळालं तरी माती ओली. आपली काळी माती नुसती कुंडीत भरली तर वाळून दगड होते आणि कडेनं भेगा पडतात. पाणी घातलं की त्या भेगांतूनच खाली निघून जातं. हे मी दर फेरीत सांगते. नळ रोज न येणाऱ्या गावात ते पुन्हा पुन्हा सांगायलाच हवं असं मला वाटतं. मारुतीच्या देवळामागं पाच घरांनी मिळून केलेली बागही पाहिली. अंबाडी, चुका, कढीपत्ता, कडेला शेवगा. यंत्रमागावरचं टाकाऊ सूत त्यांनी आळ्यात अंथरलं होतं. रंगवलेलं सूत तेवढं काढायला लावलं.

शेवटचं घर एका विडी कामगार बाईंचं. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. दारापुढच्या चिंचोळ्या अंगणात रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. डब्यांत मातीवर तेंदूच्या पानांची कातरण पसरलेली. साच्यावर पान कापलं की जे उरतं, ते इथं झाडाखाली कुजत होतं. झाडांवर मावा ही कीड पडली तर अक्का तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी फवारायच्या. मंडळी खूश झाली, फोटो निघाले.

मग कुणीतरी टोमॅटोकडं बोट दाखवलं. पानांवर फिकट आणि गडद हिरवे डाग, शेंड्याची पानं दोऱ्यासारखी बारीक झालेली. ‘खत कमी पडलंय,’ एक काका म्हणाले. ‘बोकड्या आहे,’ दुसरे म्हणाले. मी पानं उलटून पाहिली, झाड हलवलं. पानं आकसवणारा बोकड्या पसरवते ती पांढरी माशी उडाली नाही. शेजारची मिरचीही तशीच डागाळलेली, पण अंबाडी, कढीपत्ता, शेवगा हिरवेगार. टोमॅटो आणि मिरची ही तंबाखूच्याच कुळातली. माझ्या पोटात गोळा आला.

तंबाखूवरचा हा मोझॅक विषाणू. विज्ञानाला सापडलेला पहिला विषाणू हाच. १८९२मध्ये इव्हानोव्स्कीनं आणि १८९८मध्ये बायरिंकनं त्याचा माग काढला. तंबाखू सुकवला तरी हा विषाणू त्यात वर्षानुवर्षं तग धरतो. पसरायला त्याला किडा-माशीची गरज लागत नाही. तंबाखूच्या हातानं कोवळी फूट खुडली की त्या बारीकशा जखमेतून तो आत शिरतो. प्रयोगशाळेची तपासणी नव्हती, पण लक्षणं आणि परिस्थिती दोन्ही एकाच गोष्टीकडं बोट दाखवत होती.

अठरा माणसांसमोर मी ते बोलले नाही. ‘बघून सांगते’ म्हटलं आणि फेरी संपवली. विडीवर घर चालवलेल्या बाईला, तुमच्या हातांमुळं झाडं आजारी पडली, हे गर्दीत सांगायचं नसतं.

संध्याकाळी एकटीच परत गेले. अक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांची बोटं थांबली.

‘म्हणजे वाढवलं मीच आणि आजारी पाडलं पण मीच, म्हणा की.’

‘तंबाखूनं पाडलं, अक्का.’

बराच वेळ त्या तळव्यांकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील की टोमॅटो नकोच. पण त्यांनी विचारलं, ‘सकाळी अंघोळ झाल्या झाल्या झाडांचं बघितलं आणि सूप नंतर घेतलं तर?’

हेच उत्तर मी सोबत घेऊन गेले होते. बाकीचं मी सांगितलं: झाडाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, कातरी वेगळी ठेवायची. दुधात हात बुडवून काम केलं तरी हा विषाणू बराच रोखला जातो, पण रोजच्या दुधातलं दूध त्यासाठी काढायला मी कुणाला सांगणार नाही, साबण पुरतो. माव्यासाठी तंबाखूच्या पाण्याऐवजी निंबोळी अर्क.

आजारी झाडं आम्ही दोघींनी मिळून उपटली. खतात टाकायची नाहीत म्हणून पिशवीत भरली. त्या डब्यांत निदान वर्षभर टोमॅटो, मिरची, वांगं लावायचं नाही, अंबाडी लावायची, असं ठरलं. अक्कांनी आतून बियांची पुडी आणली. पेरायच्या आधी पिंपातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि हातांना साबण लावला. पाणी वाया जाऊ नये म्हणून अंगणातल्या जुन्या अंबाडीवर हात धरले आणि तिथंच धुतले.