माका बोलूक येणा नाय

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन माघ सरता सरता भरतं. तारीख ठरवायच्या बैठकीत शाळेच्या परीक्षा, आसपासच्या जत्रा, दशावताराचे प्रयोग असं सगळं बघितलं जातं. तारीख पांगाऱ्याला विचारून ठरवावी असं मी दर वर्षी सुचवतो आणि आमचे चिटणीस ते इतिवृत्तात घ्यायचं दर वर्षी टाळतात. पण त्या दिवसांत सावंतवाडीच्या परिसरात एक फेरी मारून बघा. पांगाऱ्यावर पान म्हणून नसतं, नुसती लालभडक फुलं आणि त्यांच्यावर साळुंक्यांची भांडणं. ह्याच झाडाच्या हलक्या लाकडातून इथल्या चितारआळीतली खेळणी आणि फळं पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. हस्तकला, शिल्प आणि रानातला ऋतू हे तीन विषय एकाच संमेलनात कशाला कोंबता, असं विचारणाऱ्याला मी सरळ त्या झाडाखाली नेऊन उभं करतो.

उद्‌घाटनाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. समई, स्वागतगीत, अहवाल, जमाखर्च, सत्कार. समईची वात पंख्याच्या वाऱ्यानं विझते, मग पंखा बंद करायला कुणीतरी धावतं, मग उकाडा. जमाखर्च मी वाचतो. तो कुणी ऐकत नाही, मंजूर मात्र टाळ्या वाजवून होतो. पाहुण्यांना आम्ही शाल देत नाही, माणग्याच्या, म्हणजे इथल्या बांबूच्या, बेळांची (चिरलेल्या पट्ट्यांची) परडी देतो, एवढंच काय ते आमचं वेगळेपण.

हजेरीबद्दल मात्र बोलणारच. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून गाड्या भरभरून येतात. त्या सगळ्यांना संमेलनाची पत्रिका व्हॉट्सअॅपवर वेळेत गेलेली असते. उत्तर म्हणून जोडलेले हात येतात, माणसं येत नाहीत. गावातली मंडळी उसळीला फोडणी बसली की उगवतात. एका वर्षी शेजारच्या वाडीत त्याच रात्री दशावतार होता. पुढच्या रांगेत पाहुणे, मागे शाळेची मुलं आणि मधल्या खुर्च्यांवर आमच्या कार्यकारिणीच्या पिशव्या, असा तो कार्यक्रम झाला. त्या रात्री जे बोलणं झालं ते चुकवणाऱ्यांचा मला अजून राग आहे.

कारण संमेलनात मला धरून ठेवतं ते एकाच जातीचं भाषण. पाठ करून आलेलं नव्हे, प्राध्यापकांचं तर नव्हेच. ‘माका बोलूक येणा नाय’, मला बोलता येत नाही, असं म्हणून सुरू होणारं. वक्ता माइकपासून चार हात लांब उभा राहतो, घाम पुसतो, बायकोकडे बघतो. मग कुणीतरी शहाणा माणूस त्याच्यासमोर त्याचं सामान ठेवतो आणि म्हणतो, बोलू नका, काम करा. हात चालू लागले की तोंड आपोआप सुरू होतं. त्यानंतर त्याला थांबवणं अध्यक्षांच्याही हातात राहत नाही.

गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे एक बुजुर्ग असेच बोलले होते. दशावतारी गंजिफेचा डाव १२० पानांचा, दहा अवतार, प्रत्येकाचे राजा आणि वजीर धरून बारा पत्ते. हे मुलांना पुस्तकात वाचून माहीत होतं. पण गोल पत्त्यावर पेन्सिल न लावता, खारीच्या केसाच्या कुंचल्यानं मासा कसा उतरतो हे त्यांनी कुठं बघितलं होतं? बुजुर्गांनी शेपटीपासून सुरुवात केली. “तोंडाकडसून सुरू केलंस तर मासो मेलेलो दिसता,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या पत्त्याला हात घातला. चिंचोक्याच्या खळीनं कापड कसं ताठ करायचं, लाखेचा हात कधी फिरवायचा, १९७०नंतरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला मरता मरता कशी उचलून धरली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर कसे बसू लागले, हे सगळं त्या माशांच्या मधूनमधून आलं. इतिहासाचं व्याख्यान म्हणून ठेवलं असतं तर निम्मी मुलं झोपली असती.

दुसरे बांबूवाले काका. त्यांचा विषय होता रोवळी, म्हणजे तांदूळ धुवायची टोपली, कशी विणावी, आणि ते बोलले चंद्राबद्दल. पावसाळ्यात माणगा तोडायचा नाही, कोंब वर येत असतात, काठीत गोडवा असतो, भुंगा लागतो. थंडी पडली की काळोख्या पंधरवड्यात तोडायचा. आमच्या विज्ञानाच्या बाई उठून म्हणाल्या, “काका, त्या गोडव्याला आम्ही स्टार्च म्हणतो.” काका बेळ तासत होते, मान वर न करता म्हणाले, “आसात. पण किड्याक ता गोडच लागता.” त्यांच्या कोयतीखालून सुटणारी बेळ इतकी सारखी होती की पहिल्या रांगेतल्या एका मुलानं ती पट्टीला लावून बघितली.

आता सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, वळणाऱ्या काकी. त्यांच्याबद्दल लिहायला मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो.

त्या वर्षी मुंबईहून शिल्पकला शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर मृणालिनी मुखर्जींची शिल्पं दाखवली. १९४९ साली मुंबईत जन्म, बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिक्षण, आणि मग दगड नाही, ब्राँझ नाही, तर वाखाच्या जातीच्या तंतूची दोरी रंगवून, हातानं गाठीवर गाठ मारत माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या आकृती. आधी कागदावर रेखाटन नाही, माग नाही. १९८४ची ‘यक्षी’, १९९४ची ‘वनश्री’. पडद्यावर ‘वनश्री’ आली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. ती बाई आहे की फूल, की देवराईतली कुणी, हे ठरवता येईना. पाकळ्यांसारख्या घड्या, त्यांच्या पोटात आणखी घड्या. पाहुण्या सांगत होत्या की तंतूची कामं थांबल्यावर मृणालिनींनी मातीत आणि पुढे ब्राँझमध्ये काम केलं, आणि २०१५च्या सुरुवातीला दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “गो बाय, ह्यो सुंभच मां?”

काकी नातीचा नाच बघायला आल्या होत्या. आयुष्यभर खाडीकाठी सुंभ वळलेला. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजत घालायची, वर काढून बडवायची, काथ्या सुकवायचा आणि तळव्यांमध्ये पीळ देत बसायचं. पाहुण्या म्हणाल्या, सुंभ नाही काकी, पण त्याच कुळातला. काकी उभ्या राहिल्या. “मगे आमचो सुंभ आडवो पडान ऱ्हवता, ह्यो उबो कसो ऱ्हवलो?”

पाहुण्यांनी पुढची चित्रं दाखवलीच नाहीत. त्या म्हणाल्या की हा प्रश्न विचारायला आमच्या विद्यार्थ्यांना तिसरं वर्ष उजाडतं. मग आत लोखंडाचा सांगाडा कसा असतो, तंतूचं वजन त्यावर कसं पडतं, कुठं गाठ घट्ट करायची आणि कुठं सैल सोडून लोंबू द्यायची, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. काकी मान हलवत होत्या. नातीचा नाच होऊन गेला तरी त्यांचं लक्ष फळ्यावर होतं. नात रुसली, ती वेगळी गोष्ट.

पुढच्या वर्षी काकी रिक्षातून एक वस्तू घेऊन आल्या. माडाच्या पिड्याचा, म्हणजे झावळीच्या जाड देठाचा, कणा करून त्यावर त्यांनी सुंभ गुंडाळला होता, गुंडाळताना मध्येच गाठी मारून पाकळ्या उठवल्या होत्या, आणि खाली नारळाच्या करवंट्यांत खडी भरून बैठक केली होती. कमरेएवढी उंच वस्तू. मुलं म्हणाली नाग, ड्रॉइंगचे सर म्हणाले ज्योत. काकी चिडल्या. परसातलं केळफूल आहे, दिसत नाही का? आणि खरंच, एक पाकळी बाकीच्यांपासून सुटून उचलली गेली होती, पहिली फणी बाहेर पडताना उचलते तशीच. “माका बोलूक येणा नाय,” असं म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली. काथ्याचा कुठला धागा खाऱ्या पाण्याचा आणि कुठला गोड्या पाण्याचा हे डोळे मिटून कसं कळतं, इथपासून ते पूर्वी मजुरी किती मिळायची इथपर्यंत. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, त्यांनी ती कनवटीला लावली.

ती वस्तू आता शाळेच्या वाचनालयात आहे. तिच्यावर धूळ बसते याबद्दल मी तीनदा लेखी कळवलं आहे.

काकींमुळेच मंडळाची सहल गोव्याला पिळर्णच्या ‘म्युझियम ऑफ गोवा’त गेली. सुबोध केरकर ह्या डॉक्टरकी सोडलेल्या कलावंतानं ते उभं केलं. शिंपले, वाळू, जुन्या होड्या हे सगळं आपल्या किनाऱ्यावरचंच सामान तिथं शिल्प होऊन बसलेलं बघितल्यावर आमच्यातल्या दोघातिघांनी घरी जाऊन माळ्यावरून काय काय खाली काढलं, ते त्यांच्या बायकांना विचारा. चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटवी बांधणाऱ्या आमच्या एका दादांनी त्यानंतर कवंडळं, हरणं, कांगलं ही रानातली फळंफुलं आणि शेरवडीची पांढरी पानं नुसती टांगायचं सोडून त्यांची एक लाट बांधली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आवडली नाही. मला आवडली.

आता आभार. एकदा स्मरणिकेत एक नाव छापायचं राहिलं म्हणून एक अख्खं घर पुढची काही संमेलनं फिरकलं नाही. तेव्हा इथं नाव कुणाचंच नाही, ज्यानं त्यानं आपापलं ओळखावं. चाव्या घेऊन पहाटे येणारे शाळेचे शिपाईमामा. पंखा बंद करायला धावणारा त्यांचा मुलगा. माइक कुईं करू लागला की बोंडावर रुमाल बांधणारे साउंडवाले भाऊ. प्रोजेक्टर देणारे डॉक्टर, आणि तो परत मिळेपर्यंत शेजारी बसून राहणारा त्यांचा कंपाउंडर. रात्रभर वाटाणे भिजत घालणाऱ्या, सकाळी उसळ करणाऱ्या, आणि खडखडे लाडू बांधताना कुणाला हात लावू न देणाऱ्या वरच्या वाडीतल्या सगळ्या जावा. सोलकढीची भिरंडं पाठवणारे वकील. रांगोळीत पांगारा काढणारी नववीतली मुलगी, आणि त्या रांगोळीवरून सायकल नेणारा तिचा भाऊ, कारण नंतर खुर्च्या त्यानंच उचलल्या. काकींना आणणारा आणि भाडं न घेणारा रिक्षावाला. जमाखर्च तपासणारे निवृत्त पोस्टमास्तर. फलक लिहिणारे सर. मंडपाला बांबू देणारे काका, ज्यांनी ते काळोख्या पंधरवड्यातच तोडले होते.

जनरेटरवाला राहिलाच होता. आणि खालच्या आळीतल्या काकूंचे बसायचे दोन पाट अजून मंडळाच्या कपाटात आहेत. त्या बाजूला कुणी जाणार असेल तर मला सांगा, चावी माझ्याकडे आहे.