नंतर घातलेली भिंत

सोमवार, रात्री

आज एचओएची, म्हणजे हिस्टरी ऑफ आर्किटेक्चरची, इंटर्नल झाली. पार्थेनॉन या ग्रीक मंदिराचा प्लॅन: पुढे 8 खांब, बाजूला 17. गॉथिक चर्चच्या भिंतींना बाहेरून टेकू का द्यावे लागले. सांचीच्या मोठ्या स्तूपाचं भागांच्या नावांसकट स्केच. वेळेत लिहून झालं.

सांचीचं चित्र काढताना मात्र हात थांबत होता. आपण काढतो तो स्तूप एका काळातला नाहीच. आत अशोकाच्या काळचा विटांचा स्तूप आहे, आजच्यापेक्षा जवळपास निम्म्या व्यासाचा. शुंगकाळात त्यावर दगड चढला, भोवती कठडा आला. तोरणं त्याच्याही नंतरची, सातवाहनांच्या काळातली, इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. ज्यांनी तो मोठा केला त्यांनी जुना पाडला नाही, पोटात घेतला. दोनएकशे वर्षं चाललेलं हे काम उत्तरपत्रिकेत एका आकृतीत बसवायचं. मार्क मिळतील. मला त्या वाढण्याबद्दलच लिहायचं होतं.

जेवताना बाबांनी विचारलं, "एवढं इतिहासाचं वेड आहे तर त्याचीच डिग्री नसते का?" असते, म्हटलं. एडिनबरा विद्यापीठात वास्तुकलेच्या इतिहासाची चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे, बारावीनंतर थेट. आपल्याकडे हा विषय भेटतो तो बी.आर्क.च्या, म्हणजे मी करतेय त्या आर्किटेक्चरच्या पदवीच्या, पाच वर्षांत, डिझाइन, स्ट्रक्चर, सर्व्हिसेस यांच्या गर्दीत. नाहीतर बी.ए. करून पुढे प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व घ्यायचं. ते नागपूर विद्यापीठातही आहे. 1969-70 साली भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या स्तूपांचं उत्खनन याच विद्यापीठाने पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर केलं. बाबा म्हणाले, "मग आर्किटेक्टच हो आधी." त्यांची काळजी मला कळते. पण "आधी" म्हणताना ते इतिहासाला जेवणानंतरचं पान समजतात, आणि मला तो पोळीभाजी वाटतो. हे त्यांना नीट सांगायला हवं होतं. उद्या सांगीन.

बुधवार

नागपूरच्या महाल भागातला वाडा. मेझर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे उभी इमारत मोजून तिचं ड्रॉइंग करायला, आमच्या गटाला मिळालेला. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, आत छपरीत पाऊल टाकलं की अंगावरचा ताप उतरतो. भिंत मोजली, अडीच फुटांच्या वर. एप्रिलमधल्या नागपुरात हे आकडे वहीतून थेट कातडीला कळतात.

चौकाच्या बाजू मोजून झाल्या, मग दोन्ही कर्ण घेतले. कर्ण सारखे आले तर चौक काटकोनात आहे, नाहीतर कुठेतरी तिरका. आमचे सारखे आलेच नाहीत. शिवाय चौकच अर्धा आहे. मधोमध विटांची भिंत घातलेली, पलीकडे दुसऱ्या भावाचं बिऱ्हाड. तुळशीवृंदावन अलीकडे, विहीर पलीकडे.

त्या भिंतीत एक सागवानी खांब अडकलाय. सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर, वर निमुळता, माथ्यावर केळफूल कोरलेलं. भिंत नेमकी त्याच्या पोटातून गेलीय. आमच्या बाजूला केळफुलाच्या पाकळ्या अर्ध्याच दिसतात, उरलेल्या तिकडे, पलीकडच्या काकांच्या घरात. सांध्यापाशी गिलावा थोडा फुटलाय. तिथून आतल्या विटा दिसतात, हल्लीच्या नऊ इंची. खांबामागची मूळ भिंत मात्र पातळ, चपट्या विटांची, चुन्यात बांधलेली. दोन्ही विटांच्या मध्ये माझं एक बोट जातं. नखाने चुना खरवडला तर तो भुसभुशीत, पांढरा. नव्या बाजूचा सिमेंट मसाला करडा, नख लागत नाही. दोन्ही विटांची लांबी-रुंदी-जाडी घेतली, फोटो काढला, बाजूला पट्टी ठेवून.

वाड्यातल्या आजी बंगईवर, झोपाळ्यावर, बसून बघत होत्या. म्हणाल्या, "काय मोजून राहिली बाई तू त्या भिंतीत? ते काही जुनी नाही." मी म्हटलं, "किती वर्षांची असेल आजी?" तर म्हणाल्या, "धाकट्या दिराचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या दिवाळीच्या आत घातली. वाटणीची भिंत आहे ते." मग बराच वेळ त्या बोलत राहिल्या. भिंत आल्यावर विहीर पलीकडे गेली. पाणी आणायला समोरच्या दारातून गल्लीला वळसा घालून जावं लागायचं. अलीकडे नळ आला तेव्हा कुठे तो वळसा थांबला. मी टेप गुंडाळून ठेवला आणि हे सगळं लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत.

गुरुवार

स्टुडिओत सरांना कच्चं ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी पेन्सिलने वाटणीच्या भिंतीवर काट मारली. "ही नंतरची. ओरिजिनल प्लॅन दाखवायचा, पूर्ण चौक." मागच्या न्हाणीघरावरही काट, पत्र्याच्या शेडवरही.

सर चुकीचं सांगत नव्हते. मूळ वाडा कळला पाहिजे, हे खरंच आहे. चौकाभोवती ओसरी, ओसरीमागे माजघर, वर कडीपाट, त्यावर कवेलू, मधल्या मोकळ्या जागेतून हवा वर जाते. ही रचना समजली नाही तर वाडा समजत नाही. पण मी घरी येऊन शीट पुन्हा उघडली आणि त्या काटेकडेच बघत बसले. सांचीच्या अशोककालीन विटांवर शुंगांनी घातलेला दगडही "नंतरचा"च. त्यावर कोणी काट मारत नाही. तो शिकवतात. मग महालातल्या एका कुटुंबाने घातलेली भिंत कोणत्या नियमाने गाळायची? ती राजाने घातली नाही म्हणून? तिच्यावर कोरीवकाम नाही म्हणून?

लायब्ररीत बॅनिस्टर फ्लेचरचा वास्तुकलेच्या इतिहासावरचा तो जाड ग्रंथ आहे. पहिली आवृत्ती 1896 ची. 1901 च्या चौथ्या आवृत्तीत त्याने जगाचे दोन भाग पाडले: एकीकडे ऐतिहासिक शैली, म्हणजे युरोपपर्यंत पोचणारी वाट, दुसरीकडे भारतीय, चिनी, जपानी, इस्लामी या सगळ्या अनैतिहासिक शैली. पुढे ते वर्गीकरण पुस्तकातून गेलं. आम्हाला कोणी तसं शिकवतही नाही. तरी वाटतं, त्याची सवय अजून आमच्या शीटवर आहे. जुनं ते एकदा बांधून झालं, पूर्ण झालं, आता फक्त त्याची पडझड होते, असं धरून आपण ड्रॉइंग करतो. घर बदलत गेलं, बदलणारी माणसं त्यात राहिली, हा इतिहास नाही असं मानायचं मला जमत नाही.

शनिवार

आज सर स्वतः वाड्यात आले. मी मागच्या खोल्या दाखवल्या. पुढच्या सोप्यावर सागाच्या तुळया आहेत, मागे मात्र लोखंडी गर्डर. त्यावर हिरव्या ऑइल पेंटचे इतके थर की लोखंड आहे हे हाताने वाजवल्यावरच कळतं. सरांनी शिडीवर चढून मोबाइलचा उजेड तिरपा धरला. गर्डरच्या पोटावर उठावाची अक्षरं होती. मी त्यावर कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. हळूहळू उमटलं: डॉर्मन लाँग. आणि पुढे, अर्धवट, इंग्लंड.

इंग्लंडातल्या मिडल्सबरोची पोलादाची कंपनी, 1875 ची. सिडनी हार्बर ब्रिज यांनीच बांधला. त्यांचा गर्डर महालातल्या मागच्या खोलीत! सर म्हणाले, "आता यावरून तारीख काढ." काढली. 1875 च्या आधीचा हा भाग असूच शकत नाही. नागपूरला रेल्वे 1867 साली आली. त्याआधी एवढं जड लोखंड इथवर आणणं सोपं नव्हतं. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल, कापडाची गिरणी, सुरू झाली. शहरात पैसा, नोकऱ्या, बाहेरची माणसं आली. वाड्याचा पुढचा भाग जंगलातल्या सागाचा, मागचा रेल्वेने आलेल्या लोखंडाचा. एकाच छपराखाली भोसल्यांनंतरचं नागपूर बघायला मिळतं. ही शैली कुठली, असं विचारलं तर उत्तर येत नाही. माल कुठला, कसा आला, कोणाच्या पैशातून, असं विचारलं की खोली बोलायला लागते. (हा प्रश्न पेपरात कधी येत नाही. यायला हवा. फार हवा.)

परतताना नगारखान्यावरून आलो. भोसल्यांचा राजवाडा 1864 च्या आगीत जळाला, मुख्य दरवाजावरचा नगारखाना तेवढा राहिला, असं जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे ज्या वाड्याच्या धर्तीवर महालातले कितीतरी वाडे उभे राहिले असतील, तो आपल्याला बघताच येणार नाही. राजाचं गेलं. कारकुनांची, सावकारांची, मानकऱ्यांची घरं वाटण्या होत होत, भिंती घेत घेत आपल्यापर्यंत पोचली. ती टिकली ती बदलली म्हणूनच, हे सर चालता चालता म्हणाले. मी काटेबद्दल काही बोलले नाही. बोलावं लागलं नाही.

रविवार

सकाळी दीक्षाभूमीला गेले. एकटीच, वही घेऊन. लहानपणापासून कितीदा आले असेन. आज पहिल्यांदा स्तूपाकडे एचओएच्या नजरेने पाहिलं, आणि त्या नजरेची मर्यादाही कळली.

सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या आत जाता येत नाही. माणूस बाहेरून प्रदक्षिणा घालतो. शिवदानमल या वास्तुविशारदांनी दीक्षाभूमीचा घुमट सांचीसारखाच अर्धगोल ठेवला, तोरणंही घेतली, पण आतून तो पोकळ केला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथे लाखो माणसांसह धम्मदीक्षा घेतली. त्या जागेवर जो स्तूप उभा राहील त्यात माणसाला आत येता आलं पाहिजे. 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत मी खांबांच्या वर्तुळात उभी राहिले. माझ्या शेजारी यवतमाळकडून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातली लहान मुलगी वर घुमटाकडे बघत गोल गोल फिरत होती आणि तिची आई तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आकारात एवढा एक बदल झाला, आत यायला दार मिळालं. सांचीच्या मापाने हा बदल "नंतरचा" ठरेल. मला तो स्तूपांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या बदलांपैकी एक वाटतो, आणि तो आमच्या शहरात झालाय.

येताना हायकोर्टाच्या बाजूने आले. हेन्री मेड यांची इमारत, नवी दिल्लीच्या कामातून आलेला आर्किटेक्ट. पायाभरणी 1937 ला, उद्घाटन जानेवारी 1940 ला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या राजधानीचं हायकोर्ट म्हणून बांधलं. नोव्हेंबर 1956 मध्ये राज्य पुनर्रचना झाली, राजधानी गेली, आणि तिथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. दगड तेच, घुमट तोच, पण ज्या कामासाठी बांधलं ते काम जेमतेम 17 वर्षं. पुस्तकात तिच्यापुढे 1940 एवढंच असेल. 1956 कोण लिहिणार? या शहराला ते साल जास्त लागलंय.

मंगळवार, उशिरा

सरांशी बोलून ठरलं. एक शीट मूळ रचनेची, तर्काने पूर्ण केलेला चौक ठिपक्यांच्या रेषेत. दुसरी शीट वाडा आज आहे तसा, आणि त्यावर काळाप्रमाणे रंग: चुन्यातलं आणि सागवानी ते गेरू, लोखंडी गर्डरचा भाग निळा, सिमेंटातलं करडं. वाटणीची भिंत करड्या रंगात येईल आणि तिच्यावर साल असेल. साल पक्कं करायला आखीव पत्रिकेचा, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढायचाय. त्यात दोन भावांची नावं वेगळी कधी झाली ते कळेल. आजींची दिवाळी आणि कागदातली तारीख जुळते का ते बघायचं. नाही जुळली तर दोन्ही लिहायच्या.

बाबांना पण शेवटी सांगितलं. सागाची तुळई आणि डॉर्मन लाँगचा तो पेन्सिलने उठवलेला कागद समोर ठेवून. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, अक्षरं वाचली आणि विचारलं, "आपल्या गावच्या घराला पण असाच गर्डर आहे ना, गोठ्याकडे?" मला माहीत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन बघायचं ठरलं, त्यांनीही यायचं कबूल केलंय.

चौथ्या वर्षी डिझर्टेशन, म्हणजे एका विषयावरचा प्रबंध, असतं. विषयाचं नाव आत्ताच द्यायला लागत नाही, पण मी सरांना देऊन टाकलं: महालातल्या वाड्यांमधल्या वाटणीच्या भिंती. किती वाडे घ्यायचे, कोणते, मालकांची परवानगी कशी मिळवायची, हे अजून सगळं व्हायचंय. सध्या उद्याचं काम एवढंच की पलीकडच्या काकांकडे जाऊन केळफुलाची दुसरी बाजू मोजायची. आजींनी निरोप पाठवलाय, म्हणून ते दार उघडणार आहेत. आणि आजींनी एक अट घातलीय. नळ कुठे आहे ते ड्रॉइंगमध्ये दाखवायचं, आणि तो कोणत्या साली आला तेही.