साडेतीन फुटांच्या पट्टीतले उभे पेरू

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या आमच्या घराच्या पूर्वेला, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये, साडेतीन फूट रुंद आणि बावीस फूट लांब अशी मातीची एक पट्टी आहे. तिथे फळझाड लावले तर फांद्या एकीकडे खिडकीत शिरणार आणि दुसरीकडे शेजाऱ्यांच्या जिन्यावर जाणार, म्हणून बरीच वर्षे कर्दळीखेरीज काही लावले नव्हते. २०२० साली, घरात अडकून पडलेल्या दिवसांत, स्तंभाकार सफरचंदाची माहिती वाचनात आली आणि ही पट्टी जणू त्यासाठीच रिकामी राहिली आहे, असे मला वाटले.

या झाडांचे मूळ मोठे रंजक आहे. १९६०च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, केलोनाजवळच्या एका बागेत, मॅकिंटॉश जातीच्या झाडावर एक वेगळीच फांदी आढळली. तिची पेरे अगदी आखूड होती, आडव्या फांद्या जवळजवळ नव्हत्या आणि फळे खोडालगतच्या बारीक फुटव्यांवर लागत होती. पुढे इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग येथील संशोधकांनी तिच्यापासून संकर करून अनेक जाती काढल्या. म्हणजे या झाडांचा सरळपणा कात्रीने आणलेला नाही, तो जनुकातच आहे. एवढे सगळे मी आवडीने वाचले. परंतु सामान्य सफरचंदाला फुलण्यासाठी सात अंशांखालची थंडी वर्षाकाठी आठशे-हजार तास तरी लागते, या वाक्यावरून मात्र भरभर पुढे गेलो. नागपुरात पारा तिथवर उतरलाच तरी तो मोजक्या रात्री आणि पहाटेपुरताच उतरतो.

जानेवारी २०२१ मध्ये एका विक्रेत्याकडून दोन रोपे मागवली. मार्चमध्ये त्यांना पाने आली, मे महिन्यात ती कडेपासून करपली आणि पावसाळ्यात एका रोपाला कलमाच्या जोडाखालून फूट आली, म्हणजे उरला तो फक्त खुंट, ज्यावर कलम बांधतात ते खालचे झाड. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही जात कमी थंडीतही फळते हे नंतर कळले. पण ती स्तंभाकार नाही. आकार जर कात्रीनेच द्यायचा, तर इथल्या मातीत सुखाने राहणारे झाड का घेऊ नये, असा विचार तेव्हा आला.

अर्थातच मनात आधी संत्रा आला. काटोलला माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे, त्यांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "असं छाटशीन तं नुसते पानसोटच निंगतीन बाप्पा, संत्रं नाही दिसाचं." पानसोट म्हणजे फळ न धरणारे, सरळ वाढणारे जोमदार फुटवे. त्यांचे म्हणणे खरे होते, कारण संत्र्याचा बहर पक्व झालेल्या फांद्यांवर येतो आणि जबर छाटणीत नेमक्या त्याच निघून जातात. पेरूचे याच्या उलट आहे. त्याची फुले नव्या फुटीवरच, पानांच्या बेचक्यांत येतात. म्हणून जेवढे छाटावे तेवढी फळायला जागा होते. लखनौ-४९ या पेरूच्या जातीची पाच कलमे आणली. नाव लखनौचे असले तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडची, हे मला फार आवडते.

आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि मुळे तुटतात. म्हणून दोन फूट खोल खड्ड्यांत शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली, वर पालापाचोळ्याचा जाड थर दिला आणि चार-चार फुटांवर कलमे लावली. प्रत्येक कलमाजवळ बांबू रोवून मुख्य खोड सुतळीने सैल बांधले. बाजूच्या फांद्या फूटभर वाढल्या की त्यांचे शेंडे मारायचे आणि सात फुटांवर मुख्य शेंडाही थांबवायचा, एवढाच नियम ठेवला. छाटल्यावर दहा-पंधरा दिवसांनी त्या जागेखालचे समोरासमोरचे दोन डोळे फुगतात. त्यातून निघणारी कोवळी फूट गोल नसून चौकोनी असते; बोटांत हलकेच फिरवली की चारही कडा हाताला लागतात. तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानजोडीशी हिरव्या मण्यासारखी कळी दिसली, की छाटणी योग्य वेळी झाली असे समजावे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र माझ्या काटकसरीने घात केला. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ते मी रोज याच आळ्यांत ओतत होतो. बोअरचे पाणी दिवसभर वाळ्याच्या ताट्यांवरून फिरून उडून जाते आणि त्यातले क्षार टाकीत मागे राहतात, हे पानांची टोके तपकिरी झाल्यावर आणि मातीवर पांढरी साय दिसल्यावर लक्षात आले. पावसाळ्यात क्षार धुऊन गेले, पण दक्षिण टोकाचे झाड वाचले नाही. त्याचे खोड बुडापर्यंत वाळले.

आता वर्षातली मोठी छाटणी मेच्या उत्तरार्धात करतो आणि उघड्या पडलेल्या खोडांना लगेच चुना लावतो. छाटले नाही, तर अंबिया बहराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या फुलांची, फळे ऐन पावसात पिकतात आणि फळमाशी त्यांत अंडी घालून ठेवते. आमच्या पहिल्या वर्षीच्या बहुतेक फळांचे तेच झाले. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची, फळे मात्र नोव्हेंबरपासून येतात, थंडीत घट्ट आणि गोड होतात. तरीही लिंबाएवढी झाली की मी ती कागदी पिशव्यांत बांधतो, कारण पोपटांना बहराचा हिशेब कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात चार झाडांची मिळून एकशे बारा फळे उतरली. मामा आले होते. बराच वेळ झाडांकडे पाहून त्यांनी "काठीले पेरू लागले" एवढेच म्हटले आणि जाताना दोन किलो पिशवीत टाकून नेले. दक्षिण टोकाच्या वाळलेल्या बुंध्याला आता दोन धुमारे फुटले आहेत, पण ते कलमाच्या जोडावरून निघाले की खालून, हे मातीचा थर बाजूला करून पाहायचे आहे.