अभंगाचे ३२ ट्रॅक आणि ५४०० आरपीएमची डिस्क: आतापर्यंतची प्रगती

सध्याचा अभंगाच्या रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट ३२ ट्रॅकवर पोचलाय. पखवाजाला दोन माइक, पेटीला दोन, टाळ, तानपुरा, मुख्य आवाजाचे टेक आणि उरलेला सगळा कोरस. चारच गळ्यांवर थर चढवून दिंडीसारखा भरणा आणायचा तर ट्रॅक वाढणारच. सगळं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. लॅपटॉप जुना, आतली हार्ड डिस्क अडीच इंची, ५४०० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे). दुसऱ्या कडव्यापर्यंत सुरळीत चालायचं आणि कोरस भरात आला की प्लेबॅक तुटायला लागायचा.

अशा वेळी पहिला संशय सीपीयूवर जातो. एएसआयओ बफर (ऑडिओ ड्रायव्हरचा आवाजाचा छोटा साठा) १२८ वरून १०२४ सँपलवर नेला, तुटणं तसंच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू निवांत, डिस्क मात्र १०० टक्के, आणि त्याच वेळी वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम ४ एमबी. हे दोन आकडे शेजारीशेजारी बघा, सगळं निदान त्यांच्यात आहे. मोठी फाइल कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला ८० एमबीच्या आसपास जाते. मग ४ एमबीतच तिचा दम कसा निघाला?

हिशेब असा. एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. ३२ ट्रॅकचे झाले ४.६ एमबी, म्हणजे काहीच नाही. पण हे ३२ ट्रॅक म्हणजे तबकडीवर ३२ वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या फाइली, आणि डिस्कच्या हेडला, म्हणजे वाचणाऱ्या टोकाला, त्यांच्यामध्ये सतत उड्या माराव्या लागतात. ५४०० आरपीएमला तबकडीचा एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६. हेड सरकायला साधारण १२. एक उडी १७-१८ मिलिसेकंदांची पडली, सेकंदाला फार तर ५७ उड्या. आता प्रत्येक उडीत ६४ केबी वाचले जातात असं धरा. ३२ ट्रॅकना सेकंदाला ७० उड्या हव्यात. डिस्क तिथेच हरली! तेच एका उडीत २५६ केबी उचलले तर १८ उड्यांत भागतं आणि डिस्क दोन तृतीयांश वेळ मोकळी राहते. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला तरी चहाच्या चमच्याने आमटी वाढत फिरला तर पानं रिकामीच राहणार, तसं हे. त्यामुळे डिस्क विकत घेताना खोक्यावरच्या एमबी प्रति सेकंदाकडे बघून आपल्या कामाचं फारसं काही कळत नाही.

हे एकदा पटलं की काय करायचं ते आपोआप सुचतं: उड्या कमी करायच्या, आणि प्रत्येक उडी कमी अंतराची करायची.

रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली बफरिंगच्या पानावर मीडिया बफर साइज असते, म्हणजे डिस्कवरून आधीच वाचून ठेवायचा साठा. तो मोठा असला की एका उडीत जास्त उचलता येतं. मूळ सेटिंग १२०० मिलिसेकंदांचं. ते ३००० केलं. ३२ ट्रॅकना तीन सेकंदांचा साठा ठेवायला जेमतेम १४ एमबी रॅम लागते, म्हणजे खर्च नगण्य. एएसआयओ बफर वेगळा आणि हा वेगळा, त्यामुळे गाताना कानात येणाऱ्या आवाजाच्या उशिरावर याचा काही परिणाम होत नाही. फुकटात झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा.

दुसरा मोठा बदल कॅडीचा. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी, म्हणजे दुसरी डिस्क बसवायची चौकट, बसवली (जाडी आधी मोजा, ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन मापांत येते). विंडोजला मूळ जागेत छोटी एसएसडी, आणि हार्ड डिस्क कॅडीत फक्त ऑडिओसाठी. विंडोज स्वतःच दिवसभर डिस्कवर काही ना काही खरडत असतं, तेवढ्या उड्या एका झटक्यात गेल्या. हार्ड डिस्कचे दोन भाग केले आणि चालू प्रोजेक्ट पहिल्या भागात ठेवले. पहिला भाग तबकडीच्या बाहेरच्या कडेला येतो, तिथे एका फेऱ्यात जास्त डेटा निघतो आणि हेडला फार लांब जावं लागत नाही. जुनी कामं दुसऱ्या भागात. मात्र गाणं चालू असताना दुसऱ्या भागातून काही कॉपी करायला घेतलं तर हा सगळा फायदा पाण्यात.

किरकोळ कामं पटकन सांगतो. ऑडिओचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला. विंडोजचं इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी करत राहणं) त्या ड्राइव्हवर बंद. पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क झोपवण्याची वेळ ‘नेव्हर’. रीपरच्या पीक फाइली (पडद्यावर आवाजाच्या लहरी दाखवणाऱ्या) एसएसडीवर वळवल्या.

डीफ्रॅगबद्दल, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. आठ ट्रॅक एकदम रेकॉर्ड होतात तेव्हा त्यांचे तुकडे डिस्कवर एकमेकांत विणल्यासारखे पडतात. ते आठही पुढे एकत्रच वाजणार असतात, त्यामुळे ही वीण उलट सोयीची. डीफ्रॅग केलं की प्रत्येक फाइल सलग होते, पण फाइली एकमेकींपासून लांब जातात. म्हणून चालू प्रोजेक्टला मी डीफ्रॅग लावत नाही. कंपिंग (वेगवेगळ्या टेकमधले चांगले तुकडे जोडणं) करून शंभर कापाकापी झाल्या असतील तर तयार ट्रॅक रीपरच्या ‘ग्लू’ने जोडून एक सलग फाइल करणं जास्त गुणकारी.

एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ऐकू येते. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे, म्हणजेच ९० हर्ट्झची थरथर. लॅपटॉप आणि तानपुऱ्याचा माइक एकाच टेबलावर असले की ती स्टँडमधून थेट चढते. हाय-पास फिल्टरने खालचे सूर कापायला जावं तर खर्जाचा भरणाही जातो. लॅपटॉप वेगळ्या स्टुलावर, खाली जाड फोम, आणि तानपुरा एकदम स्वच्छ आला.

आजची स्थिती: तोच अभंग ४० ट्रॅकवर नेला तरी तुटत नाही. पैसे असतील तर चालू कामासाठी सरळ साटा एसएसडी घ्या, तिथे हेडच नाही, वाट पाहणं ०.१ मिलिसेकंदाच्या घरात. पण घरात चांगली हार्ड डिस्क असेल तर ती टाकून देऊ नका. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या आणि संशयित जागा) शून्य असले तर ती अजून पुष्कळ काम देईल.

पुढचा टप्पा कार्तिकी एकादशीचा जागर, आठ चॅनेल, चार तास सलग. फक्त लिहिण्याचं काम, सेकंदाला १.२ एमबीसुद्धा नाही, एकूण साधारण १७ जीबी. मोनो वेव्ह फाइल ४ जीबीची मर्यादा सव्वाआठ तासांनी गाठते, त्यामुळे तीही काळजी नाही. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर दुसरी प्रत घेणार आहे, पण आधी त्याचा मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत तपासून तो एसएमआर आहे का ते बघतोय. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, कॅशे भरली की लिहिण्याचा वेग एकदम कोसळू शकतो. तसा निघाला तर तो फक्त साठवणीला, आणि जागराची दुसरी प्रत एसएसडीवर.