गुणतक्त्यातील न रंगलेले चौकोन

दहावीच्या सराव परीक्षेचे गुण एक्सेलमध्ये भरून झाले की कोणत्या विद्यार्थ्यांकडे आधी लक्ष द्यावे, हे ठरवण्यासाठी मी कंडिशनल फॉरमॅटिंगचा, म्हणजे ठरवलेली अट पूर्ण झाली की चौकोन आपोआप रंगवणाऱ्या सोयीचा, आधार घेते. ‘होम’ टॅबवरील ‘हायलाइट सेल्स रूल्स’मधून ‘लेस दॅन’ निवडून 35 हा आकडा दिला, की कमी गुणांचे चौकोन लाल होतात. इथवरचे काम बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. मात्र जे चौकोन लाल झाले नाहीत, ते सगळे उत्तीर्णांचे आहेत असे मानणे मला धोक्याचे वाटते.

तुलना करताना एक्सेल कोणत्याही अक्षरी मजकुराला प्रत्येक संख्येपेक्षा मोठा मानते. त्यामुळे ज्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले आहे, तो विद्यार्थी 35 च्या नियमातून निसटतो. दुसऱ्या प्रणालीतून आणलेले गुण पुष्कळदा मजकूर म्हणून साठवले जातात, आणि मग 28 गुण मिळालेला मुलगाही न रंगता राहतो. अशा चौकोनाच्या कोपऱ्यात सहसा छोटा हिरवा त्रिकोण दिसतो, पण साठ-सत्तर नावांच्या यादीत तो सहज नजरेआड होतो.

म्हणून ‘न्यू रूल’मध्ये सूत्राचा पर्याय घेऊन मी तीन वेगळे नियम करते. चौकोनात खरोखर संख्या असेल आणि ती 35 पेक्षा कमी असेल, तरच लाल. पहिली अट ‘इजनंबर’ हे फंक्शन तपासते आणि ‘अँड’ हे फंक्शन दोन्ही अटी जोडते. चौकोनात मजकूर आहे का हे तपासणारे ‘इजटेक्स्ट’ खरे ठरल्यास पिवळा, म्हणजे गैरहजर विद्यार्थी आणि मजकूर झालेले आकडे दोन्ही एकाच वेळी समोर येतात. चौकोन रिकामा असल्यास राखाडी, कारण तेथे गुण भरायचे राहिले असण्याची शक्यता असते.

विद्यार्थ्याची संपूर्ण ओळ रंगवायची असल्यास सूत्र निवडलेल्या भागातील पहिल्या ओळीसाठी लिहावे, गुणांच्या स्तंभाच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह द्यावे आणि ओळीच्या क्रमांकाआधी ते देऊ नये. 35 हा आकडा सूत्रात न लिहिता शीर्षकाजवळच्या एका चौकोनात ठेवून स्तंभाचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक या दोन्हींआधी डॉलर लावून त्याचा संदर्भ दिला, तर मर्यादा सर्वांना दिसते आणि 20 गुणांच्या चाचणीसाठी ती एकाच ठिकाणी बदलता येते. नंतर गुण दुसरीकडून आणून चिकटवताना फक्त आकडे-मजकूर आणणारे ‘पेस्ट व्हॅल्यूज’च वापरावे, अन्यथा मूळ चौकोनांचे नियमही सोबत येतात आणि आपल्या नियमांचे तुकडे पडतात.