नुसतं ‘टायटॅनियम’ लिहून भागत नाही

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये ब्राइन (खारं पाणी) तापवणाऱ्या हीटरचं बंडल, म्हणजे त्याच्या नळ्यांचा जुडगा, गळतीची तक्रार घेऊन न्हावा शेवामार्गे परत आलं. हीटर परदेशातल्या पोटॅशच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) खाणीतला; तिथे माणूस खाली उतरत नाही. गरम ब्राइन विहिरीतून सोडायचं, पोटॅश विरघळवून वर आणायचं, गार करून स्फटिक काढायचे. कॅनडात बेल प्लेनला 1964 पासून हेच चाललंय. तापवायचं कारण असं की 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना 34 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं, 100 अंशांना 56. साधं मीठ मात्र 36 वरून जेमतेम 39. त्यामुळे मिठाने संपृक्त गरम ब्राइन मीठ तिथेच ठेवतं आणि पोटॅश उचलतं.

असल्या ब्राइनमध्ये 316 एल स्टेनलेस स्टीलच्या नळ्या साठेक अंशांच्या वर तडकायला लागतात, म्हणून टायटॅनियम. ‘टायटॅनियम गंजत नाही’ हे खरेदी विभागाचं लाडकं वाक्य. ऑर्डरवर ग्रेडच नव्हता. धातूतली मूलद्रव्यं दाखवणारी पीएमआय गन लावली, निघालं ग्रेड 2 सारखं साधं, बिनमिश्र टायटॅनियम.

नळ्या आतून नव्यासारख्या. साइटच्या लॉगमध्ये ॲसिड वॉशची नोंद होती, त्यामुळे पहिला संशय त्यावर. पण नळीची जाडी तपासणाऱ्या एडी करंट चाचणीत जाडी कुठेच कमी नव्हती. गरम हायड्रोक्लोरिकने खाल्लं असतं तर नळी सगळीकडून पातळ झाली असती. शिवाय स्केल कॅल्शियम सल्फेटचं. ते तापलं की कमी विरघळतं, म्हणून सगळ्यात गरम भिंतीवर बसतं, आणि नुसत्या ॲसिडला दाद देत नाही. आधी सोडा ॲशने त्याचं कार्बोनेट करावं लागतं.

खरं नुकसान होतं नळी आणि ट्यूबशीट (नळ्यांची टोकं बसवलेली जाड प्लेट) यांच्यामधल्या फटीत आणि चॅनलच्या, म्हणजे टोकाच्या झाकणपेटीच्या, गॅस्केटखाली. तिथे गंजाची पांढरी भुकटी. फटीत ऑक्सिजन संपतो, टायटॅनियमला वाचवणारा ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही, क्लोराइड आत साचतं, आम्लता वाढत जाते. गॅस्केट पीटीएफईचं (टेफ्लॉनचं), जे टायटॅनियमवर हा त्रास वाढवतं. सांधे नुसते रोल केलेले (नळी फुगवून भोकात घट्ट बसवलेली), फट बंद करणारा सील वेल्ड नाही. डेटाशीटवर ब्राइनचं आउटलेट 88 अंश. पण शेलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या बाहेर, 3 बार गेजची वाफ, म्हणजे सुमारे 144 अंश. निवड ब्राइनच्या तापमानावर झाली, सोसलं नळीच्या भिंतीने.

दुरुस्तीत ट्यूबशीटचा चेहरा आणि गॅस्केटची जागा ग्रेड 7 ची केली. त्यात 0.12 ते 0.25 टक्के पॅलेडियम, जे फटीतला गंज रोखतं. किंमत ऐकून ग्राहक गप्प झाला. गॅस्केट ईपीडीएम रबराचं. सील वेल्डला आमच्या वेल्डरला तोड नाही: टायटॅनियमचे ग्राइंडिंग व्हील आणि ब्रश वेगळे, पुसायला ॲसिटोन, वेल्ड गार होईपर्यंत मागून ट्रेलिंग शील्डचा आर्गॉन. वेल्ड चांदीसारखा हवा, फिकट पिवळा चालतो, निळा दिसला की काढून पुन्हा. पावसाळ्यात शॉपमध्ये दमटपणा असतो, म्हणून आर्गॉनचा ड्यू पॉइंट, म्हणजे त्यातला ओलावा, रोज तपासायचा. शेवटी लोखंडाचा अंश राहिला का, त्याची फेरॉक्सिल टेस्ट.

सुटलेलं नाही ते एवढंच: गळके सांधे सगळे वरच्या दोन ओळींत, आणि तिथल्याच नळ्यांत मिठाचे खडे. तापलेलं ब्राइन बाहेर पडतं त्या नळ्या वरच आहेत, त्यामुळे निव्वळ जास्त तापमान म्हणता येतं. पण खडे चालू प्रवाहात असे बसत नाहीत. पंप ट्रिप होऊन बंद पडल्यावर वाफेचा व्हॉल्व्ह नीट न मिटता वाफ आत सोडत राहिला असेल, तर थांबलेलं ब्राइन 109 अंशांच्या आसपास उकळलं असणार. पंप थांबला की वाफ बंद करणारा इंटरलॉक लावा, असं अहवालात लिहिलं. ‘इन्स्ट्रुमेंटेशन तुमच्या स्कोपमध्ये नाही’, असं ग्राहकाचं उत्तर आलं. ट्रिपच्या नोंदी मागितल्यात, अजून मिळाल्या नाहीत.